घरी पाहिलेले सिनेमे आणि माझी मतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सिनेमे घरी पाहते, पाहून झाले की एका वहीत नोंद करते आणि मत सांगते. मत सांगितलं की लोक प्रश्न विचारतात, आणि प्रश्न दर वेळी तेच असतात. धाकट्या भावाला फोनवर, नणंदेला जिन्यात आणि भाच्याला मेसेजवर तीच ती उत्तरं देऊन जीव मेटाकुटीला आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

ताई, तू काय समीक्षक आहेस का?

नाही. समीक्षकाला आवडो न आवडो, शेवटपर्यंत बसावं लागतं. माझ्या हातात रिमोट असतो. मला लेन्सचे नंबर कळत नाहीत आणि दिग्दर्शकाची आधीची सगळी कामं पाहिलेली असतात असंही नाही. मी कुठे गुंतले, कुठे माझं लक्ष उडालं आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं, एवढं मी प्रामाणिकपणे सांगू शकते. यातली शेवटची गोष्ट लोक सांगत नाहीत आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

पण टीव्हीवर पाहिलेला सिनेमा 'पाहिला' म्हणायचा का?

म्हणायचा. मात्र कसा पाहिला ते सोबत सांगायचं.

घरी हवा तो सिनेमा हवा तेव्हा लावता येणं ही तशी अलीकडची सोय आहे. व्हीएचएस कॅसेट १९७६ साली जपानमध्ये आली, बीटामॅक्स ही दुसऱ्या प्रकारची कॅसेट त्याच्या एक वर्ष आधी. त्यापूर्वी थिएटरमधून उतरलेला सिनेमा पुन्हा कधी दिसेल हे टीव्हीवाल्यांच्या मर्जीवर होतं. टीव्हीवर लागलेला कार्यक्रम घरी टेप करून सवडीने पाहणं हा गुन्हा आहे का, यावर अमेरिकेत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. १९८४ च्या जानेवारीत ५ विरुद्ध ४ अशा मतांनी, अगदी काठावर, निकाल प्रेक्षकाच्या बाजूने लागला. मग १९९६ मध्ये डीव्हीडी, २००६ मध्ये जास्त स्पष्ट चित्राची ब्लू-रे चकती आणि २००७ पासून नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग, असं करत करत आपण आजच्या अवस्थेला आलो. आता अख्खा कपाटभर सिनेमा समोर असतो आणि आपण चाळीस मिनिटं नुसती चित्रं सरकवत बसतो.

थिएटर आणि घर यांत कोणतं श्रेष्ठ, या वादात मी पडत नाही. थिएटरमध्ये अंधार, पडदा आणि आवाज सगळ्यांना सारखाच मिळतो, त्यामुळे तिथून बाहेर पडलेले दोघं एकाच वस्तूबद्दल भांडतात. घरी प्रत्येकाचा पडदा वेगळा, आवाज वेगळा, व्यत्यय वेगळे. त्यामुळे घरी पाहिलेल्या सिनेमाबद्दलचं मत ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशावर पाहिलास?

मग तुझ्या त्या वहीत तू नक्की काय लिहितेस?

तारीख, सिनेमाचं नाव, कोणत्या पडद्यावर पाहिला, एका बैठकीत की तुकड्यातुकड्याने, सोबत कोण होतं, झोप लागली का. त्याखाली दोन ओळी मत. गुण देत नाही. पूर्वी पाचपैकी द्यायचे, पण वही चाळताना लक्षात आलं की रविवारी दुपारी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक सिनेमाला साडेतीन मिळाले आहेत. ते गुण रविवारच्या दुपारचे होते.

एक नोंद जशीच्या तशी देते: "रात्री १० ते १२.२०. मोठा टीव्ही, दिवे बंद. मध्ये दोनदा दारावरची बेल. नायकाचा भाऊ कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही; बहुतेक पहिल्या बेलच्या वेळी सांगून गेले." या सिनेमाची पटकथा गोंधळाची आहे असं मी चारचौघांत बेधडक सांगितलं असतं, जर ही शेवटची ओळ लिहिली नसती.

नवा टीव्ही घेतल्यापासून सगळे सिनेमे सिरियलसारखे का दिसतात?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी मिठी मारते, कारण मी याच्यात पुरती फसलेली आहे.

टीव्ही नवा होता. पहिल्याच आठवड्यात मी एक जुना, एरवी सगळ्यांना आवडणारा सिनेमा लावला आणि वहीत लिहिलं, "अभिनय बटबटीत. सेट पुठ्ठ्याचे वाटतात. घाईने शूट केल्यासारखं." पुढच्या सिनेमालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. माझी अभिरुची अचानक एवढी उंचावली कशी, याचं मला थोडं कौतुकही वाटलं. तीन महिन्यांनी भाचा आला, पाच मिनिटं पाहून म्हणाला, "मावशी, हे मोशन स्मूदिंग चालू आहे. डोळे दुखत नाहीत का तुमचे?"

भानगड अशी आहे. बोलपट आल्यापासून, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून, सिनेमा सेकंदाला २४ चित्रं या वेगाने चालतो. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ५०, ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. मधली रिकामी जागा भरायला टीव्ही दोन खऱ्या चित्रांच्या मधलं एक चित्र स्वतःच्या अंदाजाने बनवतो आणि घुसवून देतो. क्रिकेटचा चेंडू किंवा फुटबॉल पाहायला हे बरं असतं. सिनेमात मात्र २४ चित्रांमुळे हालचालीला जो किंचित पुसटपणा असतो, तो जातो. मग सगळं व्हिडिओ कॅमेऱ्याने काढलेल्या मालिकेसारखं लख्ख आणि घरगुती दिसायला लागतं. याला 'सोप ऑपेरा इफेक्ट' असंच नाव आहे. टॉम क्रूझसारख्या नटाने डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायची विनंती केली होती. २०१९ मध्ये टीव्ही बनवणाऱ्या काही कंपन्या आणि स्टुडिओ यांनी मिळून 'फिल्ममेकर मोड' नावाची सेटिंग जाहीर केली. ती लावली की असले सगळे उद्योग एका फटक्यात बंद होतात.

तुमच्या टीव्हीत ती नसेल तर चित्राच्या सेटिंगमध्ये जा आणि 'मोशन' किंवा 'स्मूद' असा शब्द असलेलं जे काही दिसेल ते बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, म्हणून थोडं हुडकावं लागतं. तिथेच असाल तर 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवरून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' मोडवर या. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल, मग डोळ्यांना सवय होते.

त्या तीन महिन्यांतल्या वहीच्या पानांवर मी तिरकी रेघ मारली आहे. त्यातले चार सिनेमे पुन्हा पाहिले. तीन चांगले निघाले. चौथा तेव्हाही वाईट होता आणि आताही वाईटच आहे.

वरखाली काळ्या पट्ट्या का येतात? झूम करून घालवल्या तर काय बिघडलं?

चित्र बिघडलं. आजच्या टीव्हीच्या पडद्याची रुंदी उंचीच्या १.७८ पट असते आणि बरेच सिनेमे २.३९ पट रुंदीचे असतात. एवढं रुंद चित्र पूर्ण दाखवायचं तर पडद्याच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा रिकामा राहणारच. तुम्ही झूम करता तेव्हा त्या पट्ट्यांच्या बदल्यात डावी-उजवीकडून चित्राचा पाव भाग कापून टाकता. दोन माणसं चित्राच्या दोन टोकांना उभी राहून बोलत असतील तर दोघांचे एकेक कान तेवढे दिसतात.

जुन्या चौकोनी टीव्हीच्या काळात हे काम कॅसेटवालेच परस्पर करून द्यायचे. बोलणाऱ्याकडे चौकट सरकवत राहायचे आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कायमचा गायब व्हायचा. आमच्या पिढीने कितीतरी सिनेमे असे अर्धवट पाहिले आणि त्यावर ठाम मतं बनवली.

उलट प्रकारही असतो. १९५० च्या आधीचे बहुतेक सिनेमे जवळजवळ चौकोनी, १.३७ पट रुंदीचे. त्यांच्या पट्ट्या डावी-उजवीकडे येतात. काही टीव्ही ते ताणून भरतात आणि सगळी माणसं बुटकी, गोलमटोल दिसतात. सासरे एकदा म्हणाले, "त्या काळी लोक खाऊनपिऊन सुखी होते." मी सेटिंग बदलली आणि सगळे वाळले.

बोलणं ऐकू येत नाही आणि मारामारी सुरू झाली की घर हादरतं. कान तपासून घेऊ का?

आधी टीव्ही तपासा. सिनेमाचा आवाज मुळात थिएटरच्या हिशेबाने बसवलेला असतो. तिथे कुजबुजीपासून स्फोटापर्यंत प्रचंड अंतर ठेवता येतं, कारण प्रत्येक मुख्य स्पीकरमधून कमाल आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकेल अशी सोय असते. घरी तेवढा आवाज कोणी ठेवत नाही. स्फोट सोसेल इतपत खाली आणला की कुजबूज त्याच्या बरोबर खाली जाते आणि वॉशिंग मशीनच्या घरघरीत बुडते.

दुसरं कारण म्हणजे टीव्हीचे स्पीकर. टीव्ही जितका सडपातळ, तितके स्पीकर बारके, आणि बहुतेकांची तोंडं खाली किंवा मागे भिंतीकडे. नट तुमच्याशी बोलतो आहे आणि आवाज भिंतीशी बोलतो आहे.

तिसरं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक अशा मांडणीत, संवादासाठी मधला स्पीकर राखून ठेवलेला असतो. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर तो आवाज त्या दोघांत मिसळला जातो, आणि ते मिसळणं नीट झालं नाही की संवाद संगीताखाली दबतात. म्हणून सिनेमा लावल्यावर ऑडिओच्या यादीत 'स्टिरिओ'चा पर्याय असेल तर तो निवडून बघा. टीव्हीत 'नाइट मोड' किंवा संवाद ठळक करणारी सोय असेल तर ती लावा. रात्री तर लावाच, शेजाऱ्यांचे आशीर्वाद मिळतील. साधा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घेतला तरी फरक पडतो, कारण त्याचं तोंड तुमच्याकडे असतं.

"हिरो पुटपुटतो" हे मत या सगळ्यानंतर द्यावं. काही हिरो खरंच पुटपुटतात.

सबटायटल की डबिंग?

माझं उत्तर सबटायटल, कारण नटाचा आवाज म्हणजे अर्धा नट. डब केलेला सिनेमा पाहून मी "नायिकेत जीव नव्हता" म्हणते तेव्हा खरं तर एका ध्वनिमुद्रण खोलीत दिवसभर उभ्या असलेल्या कुणा भलत्याच बाईबद्दल बोलत असते.

पण सबटायटलनेही काही गोष्टी हातच्या जातात हे मान्य करायला हवं. एका वेळी पडद्यावर दोन ओळी मावतात, एका ओळीत साधारण ४० ते ४२ अक्षरं, आणि त्या जास्तीत जास्त सातेक सेकंद राहतात. तेवढ्यात बसवायचं म्हणजे शिव्या, टोमणे, आर्जवं यांची छाटणी होतेच. तीन वाक्यांच्या भांडणाचं "निघून जा" एवढंच उरतं. शिवाय विनोदाची ओळ नटाच्या आधी आपण वाचून टाकतो, हसून मोकळे होतो, आणि तो बिचारा नंतर बोलतो.

ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ज्या सविस्तर ओळी असतात, त्यांची आणखी एक गंमत. अंधारात दार उघडून आत आलेला माणूस कोण हे पुढच्या अर्ध्या तासाचं रहस्य असतं, आणि खाली त्याचं नाव आधीच छापलेलं असतं. आमच्याकडे सासऱ्यांसाठी त्या ओळी कायम चालू असतात, त्यामुळे आमच्या घरात कुठलाच खुनी शेवटपर्यंत लपून राहत नाही. पण "दूर कुठेतरी कुत्रा भुंकतो" असं वाचून सासरे एकदा हळूच म्हणाले, "हे मला पूर्वी कधी ऐकूच आलं नव्हतं." त्यानंतर रहस्य फुटलं तरी मी तक्रार केलेली नाही.

किती इंची टीव्ही घ्यावा? ४के हवाच का?

आहे तो टीव्ही जवळ ओढा, फुकटात मोठा होतो. ५५ इंची टीव्हीची रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर. सिनेमासाठी तो पडदा नजरेचा निदान ३० अंशांचा भाग व्यापेल असं बसायचं म्हटलं तर अंतर साडेसात फुटांच्या आसपास येतं. आपण बसतो समोरच्या भिंतीला टेकून, म्हणजे दहा-बारा फुटांवर.

४के मध्ये एचडीच्या चौपट ठिपके असतात हे खरं, पण इतक्या लांबून ते बहुतेकांना वेगळे दिसत नाहीत. शिवाय ठिपके किती यापेक्षा सेकंदाला माहिती किती येते हे महत्त्वाचं. स्ट्रीमिंगवर ४के सिनेमा साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये येतो. ४के ब्लू-रे चकतीवर हाच आकडा १२८ पर्यंत जाऊ शकतो. फरक उजेडातल्या दृश्यांत जाणवत नाही. धुकं, धूर, रात्रीचं आकाश आलं की मात्र काळोखात पायऱ्या पायऱ्या दिसू लागतात. "छायाचित्रण गढूळ" असं लिहिण्याआधी त्या वेळी इंटरनेट कसं चाललं होतं ते आठवा. आणि खोलीतला दिवा मालवा. निम्मा गढूळपणा त्या दिव्याच्या प्रतिबिंबाचा असतो.

मोबाइलवर पाहिला तर?

पाहा. मत देताना सांगा. दोन माणसं एका खोलीत बोलत बसली आहेत असा सिनेमा मोबाइलवर छान चालतो, हेडफोन असतील तर टीव्हीहूनही जवळचा वाटतो. वाळवंटात ठिपक्याएवढा उंटस्वार क्षितिजावरून येतो आहे, असा सिनेमा असेल तर तुम्हाला वाळवंट दिसेल.

मध्ये थांबवून, दोन-तीन दिवसांत पाहिलेला चालतो का?

चालतो, फक्त थांबायची जागा नीट निवडावी. मी दृश्याच्या मध्यात थांबत नाही. झोप अनावर झाली तर चालू दृश्य संपू देते आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं मागून सुरू करते.

जुन्या सिनेमांत थांबायची एक गमतीदार खूण मिळते. तेव्हा सिनेमा साधारण वीस-वीस मिनिटांच्या रिळांत यायचा आणि प्रोजेक्टरवाल्याला वेळेवर दुसरं यंत्र सुरू करता यावं म्हणून रीळ संपायच्या काही सेकंद आधी चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जायचा, मग शेवटच्या क्षणी पुन्हा एकदा. नव्या स्वच्छ केलेल्या प्रतींमधून हे ठिपके बहुधा पुसलेले असतात, पण एखाद्या प्रतीत राहून जातात. मी तो ठिपका दिसला की उठते. बाकी घराला वाटतं मला काहीतरी दैवी संकेत मिळतो.

तुकड्यांत पाहिल्याने एक गोष्ट नक्की हरवते, ती म्हणजे लांबी. "फार लांबवलाय" हे मत तीन रात्रींत पाहिलेल्या सिनेमाबद्दल मी देत नाही. लांबवला मी.

दीडपट वेगाने पाहिला तर वेळ वाचतो ना, मावशी?

वाचतो. त्या वाचलेल्या वेळात दुसरं काहीतरी कर आणि सिनेमाबद्दल माझ्याशी बोलू नकोस.

नावाजलेला सिनेमा कंटाळवाणा वाटला. माझ्यातच काही कमी आहे का?

कंटाळा आला हे खरं असेल तर तसं सांगण्यात लाज नाही. जाणकारांचंही एकमत कुठे असतं? ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारतं. १९६२ ते २००२ असं पाच वेळा 'सिटिझन केन' पहिला आला. २०१२ मध्ये त्याला मागे टाकून 'व्हर्टिगो' वर गेला, ज्याचं १९५८ साली प्रदर्शनाच्या वेळी स्वागत यथातथाच झालं होतं. २०२२ मध्ये पहिला आला शांताल आकरमान या दिग्दर्शिकेचा १९७५ चा 'जान दिलमान'. तोही आधीपासून तिथेच होता, सिनेमा काही बदलला नव्हता. मत देणारे बदलले.

त्या शेवटच्या सिनेमावर माझी आणि भावाची खडाजंगी झाली, म्हणून थोडं सविस्तर. सिनेमा २०१ मिनिटांचा. त्यात एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. पलंग आवरते, भांडी घासते, बटाटे सोलते, दिवा लावते, दिवा मालवते, आणि कॅमेरा हलत नाही. पहिल्या खेपेला मी पन्नास मिनिटांत सोडला. समोर ती कपबशा पुसत होती आणि माझ्या मांडीवर घडी घालायचे कपडे होते. मला वाटलं, हे मी दिवसभर फुकट करते, पुन्हा पाहू कशाला? वहीत लिहिलं, "यात काही घडत नाही."

वर्षभराने पुन्हा लावला, या वेळी कपडे न घेता. पहिल्या दिवसाची तिची सगळी शिस्त डोळ्यांत भरली. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले आणि ती भांडं हातात घेऊन घरभर फिरू लागली, कुठे ठेवावं ते सुचेना. मी चक्क ताठ बसले. एखाद्या थरारपटात दाराची कडी वाजावी तसा तो प्रसंग अंगावर येतो, पण त्यासाठी आधीचा तास नीट पाहिलेला असावा लागतो. पुढचं सांगत नाही.

भाऊ म्हणतो, तीन तास कशाला, दीड तासात झालं असतं. त्याने तो मोबाइल चाळत चाळत पाहिला आहे. त्याचं मत मी मान्य करते, त्याच्या खाली "मोबाइल चाळत" असं लिहून.

अर्धवट सोडलेल्या सिनेमावर मत देता येतं का?

येतं, पण जिथे सोडला तो मिनिट सांगून. "३५ व्या मिनिटाला सोडला, कारण एकाही पात्राशी ओळख झाली नाही" हे उत्तम मत आहे. "बकवास" हे मत नाही. माझा नियम अर्ध्या तासाचा आहे. भयपटांना सूट, ते मी दहाव्या मिनिटालाही सोडते, आणि त्याचं कारण त्यांचा दर्जा नसतो.

त्या टोमॅटोवाल्या साइटवर ९५ टक्के आहेत, म्हणजे भारीच असणार ना?

म्हणजे शंभरातल्या पंचाण्णव समीक्षकांचा कौल अनुकूल आहे. रॉटन टोमॅटोजचा आकडा किती जणांना आवडला ते सांगतो, किती आवडला ते सांगत नाही. सगळ्यांनी "ठीक आहे, एकदा पाहायला हरकत नाही" असं म्हटलं तरी शंभर टक्के होऊ शकतात. उलट निम्म्यांना वेड लावणारा आणि निम्म्यांना संताप आणणारा सिनेमा पन्नासवर अडकतो आणि 'सडका' ठरतो, कारण ताज्या टोमॅटोची रेषा ६० वर आहे. मला स्वतःला हे पन्नासवाले जास्त मानवतात. रात्री त्यावर भांडता येतं.

मी पाहिलेला शेवट आणि तू पाहिलेला शेवट वेगळा कसा?

एकाच सिनेमाच्या अनेक प्रती फिरत असतात. 'शोले'चंच घ्या. मूळ चित्रित शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. सेन्सॉरच्या आक्षेपामुळे तो भाग बदलावा लागला आणि १९७५ मध्ये पडद्यावर गब्बरला पोलिसांच्या हवाली केलं गेलं. मूळ शेवट नंतर बाहेर आला. दोन भावंडं या शेवटावरून हमरीतुमरीवर येतात आणि दोघंही बरोबर असतात.

साधासुधा फरकही असतो. सेकंदाला २५ चित्रांच्या टीव्ही पद्धतीसाठी जुने सिनेमे चार टक्के वेगाने पळवले जायचे. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपायचा आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढे लागायचे. म्हणून भांडण्याआधी सिनेमाची लांबी दोघांनी पाहून घ्यावी.

सगळ्यांनी मिळून काय पाहायचं हे कसं ठरवता?

पाळीने. ज्याची पाळी त्याचा शब्द शेवटचा, बाकीच्यांना एक नकाराधिकार, तोही महिन्यातून एकदाच. पूर्वी सर्वानुमते ठरवायचो. सर्वानुमते नेहमी असा सिनेमा निवडला जायचा की जो कुणालाच पाहायचा नसायचा.

एखाद्या सिनेमाबद्दलचं मत पूर्ण उलटं झालंय का?

वर आलं की ते. शिवाय उलट्या दिशेनेही झालं आहे. कॉलेजात असताना मला ज्या प्रेमकथा थोर वाटायच्या, त्यातल्या दोन मुलासोबत पुन्हा पाहिल्या. नायक तिच्या नकारानंतर चौथ्यांदा तिच्या दारात उभा राहिला तेव्हा मुलगा म्हणाला, "ही पोलिसांना फोन का करत नाहीये?" मी काहीतरी तो-काळच-वेगळा-होता छापाचं बोलले आणि वहीत आधीच्या मताखाली नवी तारीख घातली.

काल रात्री कोणता लावला होता? कसा आहे?

पहिली बावीस मिनिटं सुरेख आहेत. पावसात एक बाई बससाठी थांबली आहे, बस येते, ती चढत नाही. तिथे मला झोप लागली. आज पाच मिनिटं मागून सुरू करणार आहे. उद्या विचारा.